परसातल्या पर्गोल्याला स्वस्तात सावली: जाळी, वेल की आपला जुना माटव?

मार्च २०२३ मध्ये उष्णतेच्या लाटेचा इशारा आला आणि गोव्यातल्या शाळा दोन दिवस दुपारच्या आत सोडाव्या लागल्या. पोरं घरी आली, पण घरात तरी कुठे थंडावा होता? वर स्लॅब तापलेला, आणि पंखा तीच गरम हवा फिरवून फिरवून खाली ढकलणारा. अशा दिवसांत परसात बसण्याजोगी सावली असली, तर घरातल्या म्हाताऱ्या माणसांचा आणि लहानग्यांचा जीव जरा निवतो.

मांडवीच्या काठावरचं आमोणे घ्या, साखळी-डिचोली घ्या, नाहीतर पेडणे ओलांडून सावंतवाडी-दोडामार्ग घ्या. नव्या घरांच्या मागे हल्ली पर्गोला उभा करण्याची हौस वाढली आहे. चार खांब, त्यावर दोन तुळया आणि फूट-फूट अंतरावर उघड्या पट्ट्या. फोटोत झकास दिसतो. सकाळचा चहा तिथे होतो, रात्रीच्या गप्पाही होतात. अकरा ते साडेचार मात्र तिथे मांजरसुद्धा बसत नाही.

मग कुणीतरी सांगतं, पत्रा घाला. पत्रा पडतो, ऊन थांबतं, पण दुपारी तोच पत्रा तापून डोक्यावर तव्यासारखा धगधगतो. पावसाळ्यात त्याच्याखाली एकमेकांचं बोलणं ऐकू येत नाही. आणि वादळात तो सुटला तर काय होतं, हे मे २०२१ च्या तौक्ते चक्रीवादळात गोवा आणि सिंधुदुर्ग दोघांनीही पाहिलं आहे. इतका खर्च करून घेतलेली ही डोकेदुखी बहुतेक घरांना टाळता येते. कारण इथल्या हवामानात खरं स्वस्त पडतं ते पाऊस सरल्यावर चढणारं आणि पुढच्या पावसाआधी उतरणारं आच्छादन. आपल्या जुन्या घरांना हे ठाऊक होतं. त्यांच्या पर्गोल्याचं नाव होतं माटव.

ऊन नेमकं कुठून येतं

सावली करण्याआधी सूर्याचा हिशेब समजून घेतला तर अर्धे पैसे वाचतात. आमोणे साधारण साडेपंधरा अंश उत्तर अक्षांशावर आहे. म्हणजे २-३ मेच्या सुमारास दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली तिच्या पायाशीच गोळा होते. कारवारला हे दोन-तीन दिवस आधी होतं, सावंतवाडी-बेळगावला एखाद-दोन दिवस नंतर. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात पुन्हा तसंच होतं, पण तेव्हा ढगांमुळे कुणाला पत्ता लागत नाही. आणि हे 'बारा' आपल्याकडे घड्याळात बाराला वाजत नाहीत, साडेबाराच्या सुमारास वाजतात.

पर्गोल्याच्या उघड्या पट्ट्या मुळात तिरप्या उन्हासाठी असतात. ज्या देशांत सूर्य कधीच डोक्यावर येत नाही, तिथे त्या पट्ट्या एकमेकींवर सावली धरतात. आपल्याकडे मे महिन्यात दोन इंच जाडीची पट्टी भर दुपारी दोन इंचाचीच सावली देते. फुटाला एक पट्टी धरली तर सहा भागांतला एक भाग सावली आणि पाच भाग ऊन. सुतार चुकलेला नसतो, नकाशा दुसऱ्या देशाचा असतो.

दुसरी गंमत दुपारनंतरची. मेच्या सुरुवातीला साडेचारच्या सुमारास सूर्य पश्चिमेला, जरासा उत्तरेकडे कललेला, क्षितिजापासून सुमारे ३२ अंश वर असतो. आठ फूट उंचीच्या छपराची सावली तेव्हा जमिनीवर पूर्वेला बारा-साडेबारा फूट सरकलेली असते. पर्गोला दहा फूट रुंद असेल, तर त्याची सावली तोवर शेजारच्या केळीखाली गेलेली असते. खुर्चीवर बसलेल्या माणसाच्या उंचीला ती आठेक फूट सरकते, म्हणजे पूर्वेकडच्या एका खुर्चीपुरती सावली उरते. वर कितीही जाड आच्छादन घाला, पश्चिमेची बाजू उघडी असेल तर चार वाजताचं ऊन तोंडावर येणारच.

पट्ट्या अजून बसवायच्या असतील तर त्या दक्षिणोत्तर ठेवा. सहा इंच उंचीची पट्टी फुटाफुटावर असेल, तर साडेचारच्या उन्हात एकेका पट्टीची सावली जवळजवळ पुढच्या पट्टीपर्यंत पोचते. सकाळी आठ-साडेआठलाही तसंच. दुपारच्या मधल्या तासांसाठी मात्र वर काहीतरी पांघरावंच लागतं.

माटव: पाऊस सरल्यावरचं छप्पर

डिचोली-पेडण्यात काय किंवा तळकोकणात काय, पाऊस गेला की अंगण खणून, चोपून, शेणाने सारवून घ्यायचं आणि तुळशीच्या लग्नाच्या आसपास त्यावर माटव घालायचा ही जुनी रीत. भात वाळवणं, सुपारी सोलणं, लग्नकार्य, उन्हाळ्यात पापड-सांडगे हे सगळं त्याच्याखाली. हिंदू घरात काय आणि ख्रिस्ती घरात काय, लग्नाचा माटव दोघांकडेही. (चतुर्थीला गणपतीवर बांधतात ती माटोळी वेगळी, सिंधुदुर्गात तिला माटवी म्हणतात. तिच्यात फळं-फुलं टांगतात, इथे सावली टांगायची आहे.)

माटवाचं साहित्य परसातच असायचं. खांबांना पोफळ किंवा बांबू, आडव्यांना बांबू, वर चिरलेल्या पोफळीच्या पट्ट्या आणि सगळ्यावर माडाची चुडतं. बांधायला सुंभ. ज्यांचा पर्गोला आधीच उभा आहे, त्यांचं अर्धं काम झालेलंच आहे. त्यांना फक्त वरच्या पट्ट्यांवर आडवे बांबू दीड-दोन फुटांवर बांधून चुडतं पसरायची आहेत.

किती चुडतं लागतील? चांगल्या वाढलेल्या माडाचं पान पंधरा ते अठरा फूट लांब असतं. दहा बाय बारा फुटांच्या पर्गोल्यावर फुटाला एक चुडत धरून दोन थर दिले की साधारण पंचवीस लागतात. एक सुदृढ माड वर्षाला बारा-चौदा पानं सोडतो. म्हणजे दोन माडांची वर्षभराची गळती एका पर्गोल्याला पुरते. पहिला थर बुंधा एका बाजूला ठेवून घालायचा, दुसरा उलट बाजूने, म्हणजे शेंड्याकडची विरळ जागा झाकली जाते. हिरवी पानं मुद्दाम तोडू नयेत, त्याने नारळाचं उत्पन्न घटतं. पाडेली नारळ काढायला चढला की खाली लोंबलेली, पिवळी पडू लागलेली पानं तेवढी उतरवायला सांगावीत. पाडेली मिळणं हीच हल्ली मोठी गोष्ट, हे खरं. ते जमलं नाही तर आपसूक पडलेली चुडतंही चालतात, फक्त त्यांची पाती लवकर झडतात आणि ताटात कचरा पडतो.

ज्यांना नीटनेटकं हवं त्यांनी चुडतं मधोमध उभी चिरून, काही दिवस पाण्यात भिजत घालून विणून घ्यावीत. गोव्यात त्यांना मल्लां म्हणतात, कोकणात झापं. विणलेलं झाप सावली दाट देतं आणि गाळही कमी पाडतं. विणणारे हात गावात असतील तर त्यांना चार पैसे मिळतील, आणि पत्र्याच्या तुलनेत ते चारच असतील. त्याच्याखाली जो गारवा वाटतो त्याला कारण आहे. पानं तापत नाहीत असं नाही, पण तापलेली हवा फटींतून वर निघून जाते आणि वारा आरपार खेळतो. पत्रा ती हवा डोक्यावर कोंडून धरतो.

बांबूसाठी आपल्या पट्ट्यात माणगा उत्तम. गोव्यापासून सिंधुदुर्ग-कोल्हापूरपर्यंत तो मिळतो, सरळ वाढतो, काटे नसतात आणि आतून बराचसा भरीव असतो. तीन वर्षांवरचा बांबू पावसाळा संपल्यावर, थंडीत तोडावा. कोवळ्या बांबूत पिष्ट जास्त, म्हणून त्याला भुंगा लवकर लागतो. तोडलेला बांबू वाहत्या पाण्यात काही आठवडे बुडवून ठेवण्याची जुनी पद्धत त्याच कारणासाठी आहे. पाणी नसेल तर शंभर लिटर पाण्यात तीन किलो बोरॅक्स आणि दोन किलो बोरिक अॅसिड विरघळवून त्यात भिजवतात. ते पावसात धुऊन जातं, पण आपला बांबू पावसात राहणारच नाही, त्यामुळे इथे ते उपयोगी पडतं. द्रावण मुलांपासून आणि गुरांपासून लांब ठेवायचं, हे सांगायला नको. स्वतःच्या जमिनीतला बांबू तोडताना आता पूर्वीइतकं बिचकायचं कारण नाही. २०१७ मध्ये भारतीय वन कायद्यात दुरुस्ती होऊन बांबू 'वृक्षा'च्या व्याख्येतून बाहेर आला. तरी राज्याची हद्द ओलांडून गाडीभर बांबू न्यायचा असेल तर आधी वनखात्यात विचारलेलं बरं.

अंगण फरशीचं असेल आणि खांब पुरता येत नसतील, तर रंगाचे वीस लिटरचे रिकामे डबे घ्या, त्यांत बांबू उभा करून काँक्रीट भरा. एकेक डबा साधारण ४५ किलोचा होतो. जाळीला तेवढं पुरतं. ताडपत्रीला का पुरत नाही, ते पुढे येईल.

सुक्या चुडताला आग पटकन धरते. माटवाखाली चूल नको, हॅलोजनचा दिवा नको, आणि तुळशीच्या लग्नाला फटाके लावायचे तर ते रस्त्यावर. ही एकच गोष्ट माटवाच्या विरुद्ध जाते, आणि ती हलक्यात घेण्याजोगी नाही. घर दाटीवाटीच्या वाड्यात असेल तर माटवाऐवजी जाळीच बरी.

घाटावरच्या वाचकांकडे माड नसतात. बेळगाव, खानापूर, चंदगडकडे तेच काम उसाचं पाचट करतं. खाली तुराट्यांचा ताटवा आणि वर पाचटाच्या पेंढ्या बांधल्या की झालं. आगीचा नियम तिथेही तोच, किंबहुना जरा जास्तच.

हिरवी जाळी

नर्सरीवर घालतात ती शेडनेट आता तालुक्याच्या शेतीच्या दुकानांत मिळते. तिच्यावर ३५, ५०, ७५, ९० असे टक्के लिहिलेले असतात. तो आकडा किती ऊन अडवलं जातं त्याचा. खाली कुंड्या ठेवायच्या असतील तर ५० पुरे. माणसं बसायची असतील तर ७५ घ्या. ९० टक्क्यांची गाडीवर घालायला ठीक, पण तिच्याखाली वारा मंदावतो. घरात ५० टक्क्यांची जाळी पडून असेल तर नवी घेऊ नका. दोन थर चार-सहा बोटांच्या अंतराने घातले की अर्ध्याचं अर्धं अडतं, म्हणजे ७५ टक्क्यांचं काम होतं.

घेताना 'यूव्ही' प्रक्रिया केलेली आहे का विचारायचं. नसेल तर एका उन्हाळ्यात तिचा भुगा होऊन तो भुगा परसभर पसरतो. हिरव्या रंगाचा आग्रह कशाला, हे एक कोडंच आहे. हिरव्या जाळीखाली जेवणाचं ताट आणि माणसाचा चेहरा दोन्ही आजारी दिसतात. पांढरी किंवा काळी-पांढरी मिळाली तर बसायला बरी.

जाळी फाटते ती बहुतेक वेळा बांधण्यातल्या चुकीने. जाळीच्या भोकातून दोरी ओवून खांबाला आवळली की पहिल्याच वाऱ्यात ते भोक मोठं होतं. त्याऐवजी कडेला बांबूची चीप धरून जाळी तिच्यावर दोन वेढे गुंडाळायची आणि दोरी त्या चिपेला बांधायची. ताण सगळ्या कडेवर वाटला जातो. दोरीच्या जागी सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून वापरल्या तर आणखी छान, वारा आला की त्या ताणतात आणि वारा गेला की पुन्हा आवळतात. पंक्चरवाल्याकडे अशी ट्यूब फुकट मिळते. जाळी मध्ये लोंबू नये म्हणून एक दोर मधोमध आढ्यासारखा ताणून ठेवायचा.

डिचोली तालुक्यात खनिजाच्या ट्रकांच्या वाटेवरची घरं असतील तर जाळीवर लाल धूळ बसणार. महिन्या-दोन महिन्यांनी पाइपने धुवावी, नाहीतर पहिल्या वळवाच्या सरीत ती सगळी धूळ खालच्या खुर्च्यांवर उतरते.

सगळ्यात स्वस्त उपाय कपाटात असतो. जुन्या सुती साड्या. नऊवारी सत्तावीस फूट लांब, मधोमध दुमडली की साडेतेरा फुटांचे दोन पदर होतात. दहा बाय बाराच्या पर्गोल्याला तीन नऊवारींत दोन थर निघतात. खांबांमध्ये नायलॉनची दोरी ताणून पडद्याच्या कड्यांनी साडी तिच्यावर अडकवली तर ती सकाळी ओढता येते आणि संध्याकाळी सारता येते. हे सारणं महत्त्वाचं आहे. रात्री वरचं आकाश उघडं असलं की फरशी निवते. थंडीत दवाने साड्या भिजतात, म्हणून रात्री आत घ्याव्यात. आजीला विचारल्याशिवाय तिची साडी टांगू नये, एवढं पथ्य पाळायचं.

फ्लेक्स मात्र टाळा. निवडणूक संपली की पुढाऱ्यांची हसरी तोंडं गोठ्यावर आणि लाकडांवर सावली धरून बसतात, ते ठीक. माणसांच्या डोक्यावर तो प्लास्टिकचा कपडा तापतो, वास मारतो आणि वारा अजिबात सोडत नाही.

वेल लावायचा तर कधी

वेलीचा मांडव सगळ्यांना आवडतो, आणि बहुतेकांचा फसतो, कारण तो पावसात लावला जातो. जूनमध्ये पेरलेली दोडकी, पडवळ, कारली श्रावण-भाद्रपदात मांडव भरून टाकतात आणि दिवाळीपर्यंत सुकतात. ज्या महिन्यांत सावली हवी, तेव्हा वर नुसते दोर. उन्हाळ्यासाठी दुधी किंवा दोडका डिसेंबर-जानेवारीत लावायचा, वायंगणी भाजी करतात तसा. दोन महिन्यांत तो वर पोचतो, आणि मार्च ते मे सावलीही मिळते, भाजीही. पाणी रोज लागतं. तांदूळ-भाजी धुतलेलं पाणी त्याला चालतं, साबणाचं नको.

कायमचा वेल हवा तर मधुमालती आणि बोगनवेल आपल्या उन्हात तग धरतात, जाई-जुई पाणी मिळालं तर. औषधी म्हणून गुळवेल चढवणारे पुष्कळ आहेत, पण तो उन्हाळ्यात पानं गाळतो, म्हणजे ऐन गरजेला नुसती दोरखंडं. आणि बोगनवेल चढवताना खांब मजबूत हवेत. पाच वर्षांनी ती पर्गोल्यावर राहते की पर्गोला तिच्यावर, ते सांगता येत नाही.

पश्चिमेच्या बाजूला वेल सगळ्यात उपयोगी. छपरावर जाळी किंवा माटव आणि पश्चिमेला दोऱ्यांवर चढवलेला दुधी, ही जोडी दुपारी चारनंतरही जागा बसती ठेवते. वेल नसेल तर तिथे एक झाप किंवा साडी उभी टांगली तरी भागतं. जमिनीपासून दोन-अडीच फूट मोकळं सोडावं, वारा खालून आत येतो.

उतरवायचं कधी

गोव्यात मान्सून साधारण ५ जूनच्या सुमारास येतो, असं धरून लोक मेअखेरीपर्यंत थांबतात. २०२५ मध्ये तो २४ मेला केरळात आला आणि दुसऱ्याच दिवशी देवगडपर्यंत पोचला. तौक्ते तर १६ मेला गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेलं. तेव्हा मेचा दुसरा आठवडा ही शेवटची तारीख समजावी. मधल्या वळवासाठी चुडतं आणि जाळी दोन्ही पाणी खाली गाळतात, म्हणून खुर्च्या उचलून आत नेण्यापलीकडे काही करावं लागत नाही.

लोक चुकतात ते इथेच. वळवाचा पाऊस नको म्हणून वर ताडपत्री ओढतात. दहा बाय बारा फूट म्हणजे सुमारे ११ चौरस मीटर. पन्नास मिलिमीटरची एक सर आली आणि पाणी ताडपत्रीच्या झोळात साठलं, तर ते साडेपाचशे लिटर होतं. अर्ध्या टनाहून जास्त वजन, आणि खाली माणसं. वाऱ्याचा हिशेबही तसाच. ताशी ६० किलोमीटरचा वारा तेवढ्या ताडपत्रीला ढोबळमानाने १८५ किलोंचा धक्का देऊ शकतो. काँक्रीटचे चारही डबे मिळून १८० किलोच भरतात. जाळीतून तोच वारा बराचसा आरपार जातो. ताडपत्री घालायचीच असेल तर एका बाजूला फूट-दीड फूट उतार द्या, आणि वादळाची सूचना आली की आधी ती सोडा, मग घराच्या खिडक्या लावा.

उतरवलेले बांबू पुसून, सुकवून गोठ्याच्या माळ्यावर आडवे ठेवले तर तीन-चार वर्षं सहज जातात. उभे टेकवून ठेवले तर वाकतात आणि खालच्या टोकाला वाळवी लागते. जाळी धुऊन, उन्हात कोरडी करून गुंडाळी करायची. घडी घातली तर घडीवर चिरते. चुडतांची पाती माडाच्या आळ्यात पसरली की पावसात कुजून खत होतं, बुंध्याकडचे दांडे न्हाणीच्या चुलीला जातात, आणि हीर काढून ठेवले तर पुढच्या वर्षी अंगण झाडायला दोन खराटे निघतात.